व्हिसाचा फॉर्म आणि मुंबईची वारी : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात आपण अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर नागपुरातूनच नाही, काटोल, कामठी, उमरेडवरूनसुद्धा इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो अशी निवडून घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढे प्रत्येक उत्तरात तीच येणार आहे. डीएस-१६० नावाचा जो ऑनलाइन फॉर्म आहे ना, तो म्हणजे रांगेत उभं राहायचं कूपन नाही. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये (वकिलातीत) इंटरव्ह्यूला गेलात की खिडकीपलीकडचा ऑफिसर तुमच्याशी बोलतो जेमतेम दोन-चार मिनिटं आणि त्या वेळी त्याच्यासमोर स्क्रीनवर तुमचा हा फॉर्मच उघडा असतो. त्यामुळे तो दुसऱ्या कोणी भरला असेल आणि तुम्ही वाचलाच नसेल, तर तिथे तुम्ही दुसऱ्याच माणसाची उत्तरं घेऊन उभे असता.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. मुलगी न्यू जर्सीला, तिचं पहिलं बाळंतपण आहे म्हणून जायचंय. घरीच फॉर्म भरायला बसलो तर मधेच बंद पडून राहिला, परत पहिल्यापासून. शेवटी चौकातल्या नेट कॅफेवाल्याला विचारलं तर तो म्हणतो कागद ठेवून जा काकू, संध्याकाळपर्यंत भरून ठेवतो. देऊ का त्याच्याकडे? शिवाय माझं लग्नाआधीचं नाव वेगळं होतं, ते कुठे लिहायचं तेही कळून नाही राहिलं.
— प्रतापनगर

काकू, कागद ठेवून येऊ नका. टायपिंगसाठी त्याची मदत घ्या, हरकत नाही, पण तुम्ही दोघं शेजारी खुर्ची टाकून बसा आणि प्रत्येक पान स्वतः वाचा. फॉर्ममध्ये शेवटी विचारतात की हा भरायला कोणी मदत केली का, तिथे त्याचं नाव लिहायचं, त्यात काही कमीपणा नाही. मात्र 'साइन अँड सबमिट'चं बटण तुम्हीच दाबायचं असतं, ती तुमची सही असते, आणि आत लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्या सहीबरोबर तुमच्यावर येते.

फॉर्म बंद का पडतो ते सांगते. २० मिनिटं काही हालचाल झाली नाही की तो आपोआप बाहेर काढतो, आणि आपण नेमके त्याच वेळी उठून पासपोर्ट शोधायला कपाटाकडे गेलेलो असतो. उपाय सोपा आहे, फॉर्म सुरू केल्याबरोबर वर एक अप्लिकेशन आयडी येतो, इंग्रजी ए-ए ने सुरू होणारा, तो लगेच वहीत लिहून घ्या, सोबत एक सुरक्षा प्रश्न निवडायला लावतात त्याचं उत्तरही जसंच्या तसं स्पेलिंगसकट लिहा. परत उघडताना आयडी, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्माचं वर्ष आणि ते उत्तर एवढं विचारतात. दर पानाला सेव्ह दाबत चला. अर्धवट फॉर्म तिथे ३० दिवस राहतो, त्याहून वेळ लागणार असेल तर कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवून ठेवता येतो. आणि हो, फॉर्म अमेरिकेच्या सरकारी साइटवरच भरायचा, पत्त्यात 'स्टेट डॉट गव्ह' आहे का ते बघा. फॉर्म भरायचे पैसे लागत नाहीत, पैसे लागतात ते व्हिसाच्या अर्जाचे, व्हिजिटर व्हिसाला १८५ डॉलर माणशी, ते अपॉइंटमेंटच्या वेगळ्या साइटवर भरायचे असतात आणि व्हिसा नाही मिळाला तरी परत मिळत नाहीत. गुगलवर सगळ्यात वर दिसली म्हणून कोणत्याही साइटवर कार्डाचा नंबर टाकू नका, कळकळीने सांगते.

माझा सल्ला असा की कॉम्प्युटर सुरू करायच्याही आधी एका जुन्या रजिस्टरमध्ये सगळं पेनाने लिहून काढा. कोणती शाळा, कोणतं डी.एड. कॉलेज, किती साली, पत्ता काय. रिटायर होऊन पाच वर्षं झाली नसतील तर शाळेचा पत्ता, रुजू कधी, निवृत्त कधी, तेही लागेल. गेल्या पाच वर्षांत नेपाळला, दुबईला कुठे गेला असाल तर तेही. आईवडिलांची जन्मतारीख विचारतात, आपल्या पिढीच्या आईवडिलांची कुठून माहीत असणार, तर तिथे 'माहीत नाही' अशी चौकट आहे, ती टिक करा पण अंदाजाने १ जून टाकू नका.

आता नावाचं. वर नाव लिहायचं ते पासपोर्टवर आहे तसंच, आडनावाच्या जागी आडनाव, आणि बाकीचं म्हणजे तुमचं नाव आणि पासपोर्टवर छापलं असेल तर मिस्टरांचं नाव, हे सगळं 'गिव्हन नेम'मध्ये. एक रकाना आपल्या लिपीतल्या नावाचा आहे, तिथे देवनागरीत लिहा. त्यापुढे विचारतात की आधी दुसरं कोणतं नाव वापरलंय का, तिथे 'हो' म्हणायचं आणि माहेरचं पूर्ण नाव द्यायचं. आपल्याकडे तर लग्नात तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती, ज्यांचं तसं झालंय त्यांनी तेही इथेच सांगायचं. तुमच्या डी.एड.च्या सर्टिफिकेटवर एक नाव, पेन्शनच्या कागदावर दुसरं, आणि फॉर्मवर 'नाही' असं लिहिलेलं, हे बरं दिसत नाही आणि खरंही नाही.

बाळंतपणासाठी जातोय हे लपवू नका. आईवडिलांनी लेकीकडे जाणं हे अगदी सरळ कारण आहे. किती दिवस राहणार ते दोघांनी आधी मुलीशी बोलून ठरवा आणि फॉर्मवर तेच लिहा, कारण बाईच्या फॉर्मवर तीन महिने आणि बुवाच्या फॉर्मवर सहा महिने असं झालं की प्रश्न वाढतात. फॉर्म दोघांचे वेगळे असतात, पण पहिला सबमिट झाला की तिथेच कुटुंबातल्या दुसऱ्याचा फॉर्म सुरू करायची सोय आहे, बरीच माहिती आपोआप येते. खर्च कोण करणार तिथेही खरं ते लिहा, मुलगी करणार असेल तर मुलगी, तुमच्या पेन्शनमधून तिकीट काढणार असाल तर स्वतः. तिकीट मात्र व्हिसा हातात आल्याशिवाय पक्कं करू नका, फॉर्मवर अंदाजे तारीख चालते. आणि व्हिसा १० वर्षांचा मिळाला म्हणजे १० वर्षं राहता येतं असं नाही बरं का, एका वेळी किती राहायचं ते तिथल्या विमानतळावर ठरतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत देतात.

फोटोचं राहिलंच. आपला नेहमीचा पासपोर्ट साइज चालत नाही, चौकोनी दोन इंच बाय दोन इंच लागतो, पांढरी पाठ, सहा महिन्यांच्या आतला, आणि चष्मा काढून. स्टुडिओवाल्याला सॉफ्ट कॉपी २४० केबीच्या आत द्यायला सांगा.

प्रश्न : नमस्कार ताई, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. मुलगा तिकडे एमएस करून राहिला, मे महिन्यात त्याचा पदवीचा कार्यक्रम आहे, मी आणि त्याची आई जाणार. एजंट म्हणते शेतकरी लिहू नका जी, रिजेक्ट होते, बिझनेस लिहा आणि खात्यात १५-२० लाख दाखवा, पैसे आम्ही फिरवून देतो. महिन्याचा पगार लिहा म्हणते फॉर्म, आता शेतकऱ्याले कुठला आला महिन्याचा पगार? आयटीआर पण नाही भरत आम्ही.
— एक शेतकरी, काटोल

भाऊ, तो एजंट आजच सोडा. फॉर्मच्या व्यवसायाच्या यादीत 'ॲग्रिकल्चर' हा शब्द चांगला स्पष्ट दिलेला आहे, तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे. तुम्ही बिझनेस लिहिलं आणि ऑफिसरने विचारलं की कसला बिझनेस, दुकान कुठे, माणसं किती, तर काय सांगणार? दोन मिनिटांत पितळ उघडं पडेल, आणि खोटं सांगून व्हिसा मागितला असा शिक्का एकदा बसला की तो कायमचा नडतो, मग मुलाच्या लग्नालाही जाता येत नाही. फिरवून आणलेल्या पैशाचंही तसंच, अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम आलेले १५ लाख कोणालाही दिसतात.

महिन्याच्या उत्पन्नाचं असं करा, गेल्या दोन-तीन वर्षांत खर्च वजा जाता वर्षाला सरासरी जे हाती राहिलं त्याला १२ ने भागा आणि तो आकडा रुपयांत लिहा. कामाचं वर्णन लिहायला जागा असते, तिथे थोडक्यात पण नेमकं लिहा, की अमुक एकर स्वतःची जमीन, त्यात संत्र्याची इतकी झाडं, बाकी कापूस किंवा तूर, अमुक सालापासून स्वतः पाहतो. भारतात शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही त्यामुळे आयटीआर नसणं यात लाजण्यासारखं काही नाही, विचारलं तर हेच सांगायचं. सोबत सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीत माल विकल्याच्या पट्ट्या, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट एवढं एका फाइलमध्ये ठेवा. बहुतेक वेळा ऑफिसर कागद मागतच नाहीत, पण मागितला तर हात घातल्याबरोबर निघाला पाहिजे.

आणि आता खरी गोष्ट सांगते जी एजंटला माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेच्या कायद्याने ऑफिसर असं धरूनच चालतो की हा माणूस तिकडेच राहायला निघालाय, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी आपली असते. तुमच्याकडे तर परत येण्याचं कारण जमिनीत रोवलेलं आहे! मृग बहार धरत असाल तर मे मध्ये बागेला पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पहिल्या पावसावर फुलं धरायची, त्या वेळी मालक बागेत नसेल तर वर्षाचा माल जातो. हे तुम्ही साध्या मराठीत सांगा, की मुलाचा कार्यक्रम अमुक तारखेला आहे, तो झाला की मृगाआधी मी घरी पाहिजे, तोवर ताणावरची बाग माझा भाऊ किंवा जो कोणी असेल तो पाहतो. फॉर्मवर राहण्याचे दिवसही मग तेवढेच लिहा, तीन आठवडे तर तीन आठवडे, उगाच मिळतात म्हणून सहा महिने लिहू नका. मुलाच्या युनिव्हर्सिटीचं पत्र, कार्यक्रमाची तारीख, त्याच्या आय-२० ची (म्हणजे युनिव्हर्सिटी विद्यार्थ्याला व्हिसासाठी देते त्या प्रवेशाच्या कागदाची) कॉपी मागवून ठेवा.

प्रश्न : मला तीन-चार वर्षांपूर्वी व्हिजिटर व्हिसा नाकारला होता, पिवळसर कागद दिला होता हातात, तो आता सापडत नाही. आता कंपनीच्या कामासाठी जायचंय. ओळखीचे म्हणतात जुना रिजेक्ट टाकू नको, पासपोर्ट नवीन आहे त्यांना काय समजतंय. शिवाय आत्याने बाबांसाठी खूप आधी ग्रीन कार्डचं काहीतरी फाइल केलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो, ते पण लिहायचं का?
— मानेवाडा

दोन्ही लिहायचं. पासपोर्ट बदलला म्हणून बोटांचे ठसे बदलत नाहीत, मागच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतलेत ते त्यांच्याकडे आहेत. फॉर्ममध्ये प्रश्न आहे की आजवर कधी व्हिसा नाकारला का, तिथे 'हो', आणि खाली एका ओळीत साल, शहर, कोणता व्हिसा. कागदावर २१४-बी लिहिलं होतं का आठवून बघा, व्हिजिटर व्हिसा नाकारताना बहुतेक वेळा तेच कलम असतं, त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्यांची खात्री पटली नाही. त्यावर अपील नसतं पण परत अर्ज करायला बंदीही नसते, नवा फॉर्म, नवी फी. नाकारलेला व्हिसा हा काही गुन्हा नाही, लपवलेला मात्र अडचणीत आणतो. तेव्हापासून तुमच्यात काय बदललंय ते मनाशी नीट मांडून जा, तेव्हा नोकरीला लागून सहा महिने झाले असतील, आज तुम्ही प्रोजेक्ट सांभाळताय, लग्न झालंय, हे सगळं फॉर्ममधून दिसतंच, तुम्हाला ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आत्याच्या पिटिशनबद्दल आधी बाबांना विचारा आणि असेल तर जुनी रिसीट शोधा. भावाबहिणीसाठीच्या अर्जाला भारतातल्या लोकांना अठरा-वीस वर्षं सहज लागतात, त्यामुळे अशा फाइली बऱ्याच घरांत पडलेल्या असतात आणि मुलांना पत्ताच नसतो. त्यात तुमचंही नाव मुलगा म्हणून असेल तर फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कधी कोणी तिकडे स्थायिक होण्याचा अर्ज केलाय का असा प्रश्न आहे, त्याला 'हो' म्हणून खुलासा लिहा, की आत्याने वडिलांसाठी अमुक साली अर्ज केला होता, मी तेव्हा अल्पवयीन होतो. तेवढ्यावरून व्हिसा नाकारलाच जातो असं नाही. बाबा स्वतः कधी व्हिजिटर व्हिसाला गेले तर त्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : मी महालात राहते, मास्टर्सला ॲडमिशन झालंय, इंस्टा प्रायव्हेट आहे आणि घरचे म्हणतात सगळे अकाउंट डिलीट करून टाक. करू का?
— एक विद्यार्थिनी

नको ग. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सगळ्या अकाउंटची नावं विचारतात, पासवर्ड विचारत नाहीत, आणि बंद केलेलं असलं तरी वापरलं होतं ना मग लिहायचं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी काढलेलं दुसरं अकाउंट असेल तर तेही. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय, तर तेवढं करून घे, आणि लिंक्डइनवर नोकरीच्या तारखा फॉर्मशी जुळतात का तेही बघ. तुला डीएस-१६० शिवाय आय-२० वरचा 'एन'ने सुरू होणारा सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेची यंत्रणा) नंबर लागेल आणि ३५० डॉलरची सेव्हिस फी वेगळी भरावी लागेल, ती इंटरव्ह्यूच्या आधी.

प्रश्न : आमचं वय सत्तरच्या वर. मुंबईला दोनदा जावं लागते म्हणतात, खरं का? ह्यांना कमी ऐकू येतं, मुलगा सोबत आत आला तर चालेल का? इंग्रजी आम्हाला जमत नाही. फोन नेऊ देत नाही म्हणतात तर मग कागद कसे दाखवायचे? आणि फॉर्म भरल्यावर लक्षात आलं की पासपोर्ट नंबरमधला एक आकडा चुकला, आता काय करायचं?
— धंतोली

आजी, आधी ती चूक. सबमिट झालेला फॉर्म बदलत नाही, पण नवा फॉर्म भरता येतो, जुन्याची माहिती त्यात ओढून घेता येते म्हणजे सगळं परत टाइप करायला नको. महत्त्वाचं असं की नव्या फॉर्मच्या कन्फर्मेशनवर नवा बारकोड येतो, आणि तुमच्या अपॉइंटमेंटमध्ये जुना बारकोड टाकलेला आहे. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत, नाही तर दारातून परत यावं लागतं. म्हणून मुंबईला जायच्या बरेच दिवस आधी अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर बदलून घ्या, तिथे होत नसेल तर त्यांच्या हेल्पलाइनला सांगा. पासपोर्ट नंबरही त्याच प्रोफाइलमध्ये तपासा, बऱ्याचदा चूक दोन्हीकडे एकच झालेली असते.

नागपुरात यातलं काहीच होत नाही, आपलं काम मुंबईला. एक दिवस व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरमध्ये फोटो आणि बोटांचे ठसे, आणि मग वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू, दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या वेळा. लागोपाठच्या दोन दिवसांच्या तारखा घेतल्या की एकाच फेरीत दोन्ही होतं. विदर्भ एक्सप्रेसने किंवा दुरांतोने संध्याकाळी-रात्री निघून सकाळी पोचता येतं खरं, पण तुमच्या वयाला मी सांगेन की त्याच सकाळची वेळ घेऊ नका, गाडी दोन तास लेट झाली तर जीव टांगणीला लागतो. दुपारची घ्या किंवा एक दिवस आधी जा. सीएसएमटीहून आता मेट्रो ३ थेट बीकेसीला जाते, लोकलच्या गर्दीत चढायला नको. डोंबिवली-ठाण्याला नातेवाईकांकडे उतरणार असाल तर लोकलने कुर्ला आणि तिथून रिक्षा. बोटांना कापलं, भाजलं असेल तर ठसे नीट येत नाहीत, म्हणून आधीचे चार दिवस आजी तुम्ही विळीवर बसू नका.

फोन, स्मार्टवॉच, मोठी बॅग आत नेता येत नाही आणि ठेवायला लॉकरही नाहीत. फोन मुलाकडे द्या आणि तो कुठे उभा राहणार ते आधीच ठरवा, त्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा कारण आजकाल कोणाला नंबर पाठ नसतात. सगळे कागद छापून न्यायचे, पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही, डीएस-१६० चं कन्फर्मेशन पान, अपॉइंटमेंटचं पत्र. साधी प्लास्टिकची पारदर्शक फाइल पुरते. वेळेच्या फार आधी जाऊन फायदा नाही, साधारण १५ मिनिटं आधी आत सोडतात, पण सत्तरीच्या माणसांना रांगेत उभं राहायला लागणार हे धरून नाश्ता करून, गोळ्या घेऊन निघा.

मुलगा आत येईल असं धरू नका. मात्र ऐकू येत नसल्याचं रांगेतच पहिल्या माणसाला सांगा, श्रवणयंत्र असेल तर घालून जा आणि दोघांची अपॉइंटमेंट एकत्र घ्या म्हणजे खिडकीशी तुम्ही शेजारी असाल. मुंबईत इंटरव्ह्यू मराठीतून होतो, संकोच न करता मराठी पाहिजे म्हणा. आपण नागपूरकर सवयीने समोरच्याशी हिंदीत सुरू होतो, पण मनातलं नीट सांगायचं तर आपल्याच भाषेत बोला, आणि प्रश्न ऐकू आला नाही तर अंदाजाने 'हो हो' म्हणू नका, परत विचारा, ते रागावत नाहीत. विचारतात ते साधंच असतं, कशाला जाता, कोणाकडे, किती दिवस, तो काय करतो, इथे तुमचं कोण आहे. मुलगा तिकडे कोणत्या कंपनीत आहे, कोणत्या गावात, कोणत्या व्हिसावर, हे बऱ्याच आईवडिलांना धड सांगता येत नाही आणि तिथेच अडखळतात, म्हणून त्याच्याकडून हे फोनवर विचारून घ्या, पाठ करू नका, समजून घ्या. फाइल स्वतःहून पुढे करायची नाही, मागितला तो कागद द्यायचा.

झालं की ऑफिसर सांगतात. व्हिसा मंजूर असेल तर पासपोर्ट ठेवून घेतात. हातात एखादी चिठ्ठी दिली आणि त्यावर २२१-जी लिहिलं असेल तर त्यांना आणखी काही कागद हवेत किंवा तपासणी बाकी आहे, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं करायचं आणि थांबायचं. पासपोर्ट परत आला की पाकीट उघडून लगेच व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर एकेक अक्षर बघा, तुमच्या बाबतीत तर तो आकडा आधी. काही चुकलं असेल तर तिकीट काढायच्या आधी त्यांना कळवा.